सकाळच्या पाळीला सायकलने जाते, थंडीत बोटं बधिर होतात. काय करू?

अनघा_मखमलाबाद

नमस्कार मंडळी. मी नाशिकला मखमलाबादला राहते आणि अंबड एमआयडीसीत एका कंपनीच्या क्वालिटी लॅबमध्ये काम करते. पहिली पाळी, सातची. पाऊस ओसरल्यावर स्कूटर भावाला देऊन टाकली आणि सायकलने जायला लागले. रामवाडी पूल, अशोक स्तंभ, सीबीएस, त्रिमूर्ती चौक, अंबड असा रस्ता, दहा-बारा किलोमीटर होतो. दसरा-दिवाळीच्या दिवसांत इतकं छान वाटायचं की पाळी सुटल्यावर मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी यायचे.

आता पारा दहाच्या खाली गेलाय. सहाला निघते तेव्हा मिट्ट काळोख असतो. खरी अडचण हातांची आहे. पुलावर पोहोचेपर्यंत बोटं लाकडासारखी होतात. काल अशोक स्तंभाला एक रिक्षा आडवी आली. ब्रेक दाबला, सायकल थांबलीही, पण किती दाबला गेला ते बोटांना कळलंच नाही. तेव्हापासून धास्ती बसली आहे. लोकरीचे हातमोजे आहेत, त्यांचा काही उपयोग होत नाही.

शिवाय जाड जॅकेट घातलं की सीबीएसपर्यंत आतून चिंब होते आणि मग लॅबच्या एसीत तासभर कुडकुडते. नाक आणि डोळे सारखे वाहतात, छातीत थोडी जळजळही होते. आई रोज म्हणते, संक्रांत होईपर्यंत बसने जा. पण मला सायकल सोडायची नाहीये. सकाळचा तो पाऊण तास दिवसातला एकटा माझा असतो. थंडीत नियमित सायकलने कामावर जाणाऱ्यांनी कृपया सांगा.

रानवाट

छातीतल्या जळजळीबद्दल लिहिते, कारण मला लहानपणापासून दमा आहे आणि छत्रपती संभाजीनगरात मी हिवाळाभर सायकल चालवते. थंड हवा कोरडी असते. दमून आपण तोंडाने श्वास घ्यायला लागलो की ती नाकात गरम न होता थेट आत जाते, श्वासनलिका कोरड्या पडतात, आणि काहींच्या आवळतात. म्हणून पहिली दहा मिनिटं हलक्या गिअरवर, नाकाने श्वास घेता येईल इतक्याच वेगाने जा. तोंडावरून सुती रुमालाची एकच घडी घ्या. उच्छ्वासाची ऊब आणि ओल त्यात अडकते आणि पुढचा श्वास तितका बोचत नाही. नाक वाहणं मात्र चालायचंच, हवा गरम आणि ओली करण्याचं कामच ते करत असतं.

जळजळ पोहोचल्यावर थोड्या वेळात जात असेल तर काळजी नको. पण सायकलवरून उतरल्यावर खोकल्याची उबळ येत असेल, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत असेल, छाती आवळत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. फुंकर मारून करायची स्पायरोमेट्रीची तपासणी सोपी असते. मला निघण्यापूर्वी दम्याचा पंप (इनहेलर) घ्यायला सांगितलाय, पण तो माझ्या डॉक्टरांनी मला दिलेला सल्ला आहे, तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारूनच काय ते करा.

आणखी एक. या दिवसांत पहाटे गार हवा जमिनीलगत बसून राहते आणि धूर वर जात नाही. वाटेत कुठे कचरा पेटवत असतील तर तो तुकडा टाळून जा.

जुना_फिटर

अनघाताई, मी १९८४ पासून निवृत्त होईपर्यंत पंचवटीतून सातपूरला सायकलनेच कामाला गेलो. मेंटेनन्सला होतो. तेव्हा पाळीच्या वेळेला त्र्यंबक रोडवर सायकलींची रांग असायची आणि त्यातल्या कुणाकडेही भारी कपडे नव्हते. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

थंडीत सायकल चालवताना अंगाची काळजी लोक फार करतात. अंग पहिल्या दोन किलोमीटरांत तापतं. बोटं तापत नाहीत, कारण ती हँडलवर स्थिर असतात, सगळ्यात पुढे असतात आणि वारा आधी त्यांना लागतो. आणि ब्रेक बोटांनीच लागतो. म्हणून काल जे झालं ते तुम्ही मनावर घेतलंत हे फार चांगलं केलंत. बाकी सगळं नंतर, आधी हात.

हवा ८ अंशांवर असेल आणि ताशी २० किलोमीटरचा वारा लागत असेल तर उघड्या कातडीला ते साधारण ५ अंशांसारखं लागतं. बाहेर वारा नसला तरी तुमच्या वेगाचा वारा असतोच. लोकरीच्या मोज्यातून तो आरपार जातो, म्हणून तुमच्या मोज्यांचा उपयोग होत नाही. मोजे टाकू नका, त्यांच्यावर वारा अडवणारं काहीतरी चढवा. मोटारसायकलवाले घालतात तसे पातळ रेक्झिनचे किंवा विंडचीटरच्या कापडाचे मोजे एक माप मोठे घ्या आणि लोकरीचे आत. शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमध्ये मिळतात का बघा. फार जाड मात्र नको. दोन्ही मोजे घालून घराच्या कुलपात किल्ली फिरवता आली पाहिजे. ती फिरवता येत नसेल तर ब्रेकही नीट हाताळता येणार नाही. घट्टही नको, बोटं आवळली की रक्त फिरत नाही.

मनगट आणि गळा उघडा ठेवू नका. थंडी वाजली की शरीर रक्त पोटाछातीकडे राखून ठेवतं आणि बोटांचा पुरवठा कमी करतं. गळ्याला मफलर आणि मनगटावर जुन्या पायमोज्याचा कापलेला तुकडा, एवढ्यानं बोटांत फरक पडतो. मफलरची टोकं आत खोचा, चाकात जाता कामा नयेत. माकडटोपी नको, तिच्यामुळे बाजूचं दिसत नाही आणि मागचं ऐकू येत नाही. हेल्मेटखाली पातळ कानपट्टी पुरे.

आता ब्रेक. मागचा लिव्हर दाबून एकदम सोडा. टच्‌कन मागे यायला हवा. रेंगाळत आला तर केबल जड झाली आहे. आतल्या तारेवरचं जुनं ग्रीस धूळ खाऊन चिकट होतं, आणि थंडीत अजून घट्ट. तार बाहेर काढायची, फडक्याने लख्ख पुसायची, पातळ तेलाचं बोट फिरवायचं आणि परत घालायची. ज्या हाताला बळ कमी पडतंय त्याच्यासाठी हे मोज्यांइतकंच मोलाचं आहे. लिव्हरच्या बुडाशी बहुतेक सायकलींना एक लहान स्क्रू असतो, तो आत फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो. बायकांच्या हाताला दुकानातली ठेवण लांब पडते आणि दुकानदार ते सांगत नाहीत. स्क्रू फिरवल्यावर लिव्हर पूर्ण दाबून बघा, तो हँडलला टेकता कामा नये.

खोबरेल तेल कुठेही घालू नका, हे मुद्दाम सांगतो. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं. आमच्या खात्यातला एक जण चेनला खोबरेल लावायचा आणि पौषात त्याची चेन मेण लावल्यासारखी व्हायची.

टायरमध्ये हवा दुपारी भरत असाल तर पहाटे ती कमी भासेल. ३० अंशांत ५० पीएसआय भरली तर ८ अंशांत चार-पाच पीएसआय कमी दाखवते. पंक्चर नसतं ते. पण कमी हवेवर खड्डा बसला की ट्यूब रिमवर चिमटून फाटते, म्हणून आठवड्यातून एकदा सकाळीच तपासा.

घामाचं सांगतो. घरातून निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. दारातच ऊबदार वाटत असेल तर सीबीएसला भिजणारच. सुती बनियन घाम धरून ठेवतं, त्यापेक्षा खेळाचा पॉलिस्टर टी-शर्ट अंगालगत घाला, त्यावर पातळ स्वेटर आणि वरून नुसतं वारा अडवणारं विंडचीटर. आम्ही स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी घालायचो. पोहोचलं की काढून टाकायची. युरोपातल्या मोठ्या शर्यतींतले सायकलपटूही घाट उतरताना हेच करत आलेत. कंपनीत पोहोचल्यावर लॅबमध्ये शिरण्याआधी आतला कपडा बदला, अगदी पहिल्या पाच मिनिटांत. नुसता वरचा कोट चढवून उपयोग नाही.

रामवाडी पुलावर गारठा जास्त लागतो तो भास नाही. गार हवा जड असते, ती नदीच्या पात्रात उतरून साचते. पुलाच्या अलीकडेच विंडचीटरची चेन गळ्यापर्यंत ओढा, पुलावर वेग वाढवू नका. आणि बातम्यांतला निफाडच्या तापमानाचा आकडा बघून घाबरू नका, तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. शहरात तेवढं उतरत नाही.

औलूचा_पाहुणा

मूळचा जळगावचा, सध्या फिनलंडमध्ये औलूला असतो. इथे डिसेंबरात दिवस चार तासांचाही नसतो आणि उणे १५ मध्ये पोरं सायकलने शाळेत जातात. फिटरकाकांनी लिहिलेलं सगळं इथेही तसंच लागू आहे. उणे वीसला तर मागच्या फ्रीव्हीलमधलं ग्रीस घट्ट होतं, आतली कुत्री (दातांत अडकणारे छोटे खटके) दात पकडत नाहीत आणि पेडल रिकामं फिरतं. नाशिकला तेवढी वेळ येणार नाही.

हातांसाठी इथे हँडलवर मोठ्या पिशव्या बसवतात. ब्रेक आणि गिअर पिशवीच्या आत राहतात, आपण हात आत घालायचे. पातळ मोज्यांवरही बोटं ऊबदार राहतात आणि लिव्हर नीट कळतो. आपल्याकडे उत्तरेत स्कूटरवाले लावतात ते याच जातीचं.

पण मला थंडीपेक्षा तुमच्या काळोखाची जास्त काळजी वाटते. इथे लोक हिवाळ्यात सायकल चालवू शकतात ते काही ते काटक आहेत म्हणून नाही. सायकलचा रस्ता वेगळा आहे, त्यावर दिवे आहेत, आणि माणसं घराबाहेर पडण्याआधी पालिका बर्फ दाबून सपाट करून ठेवते. नाशिकला जानेवारीत सूर्य सातच्या पुढे उगवतो, म्हणजे तुमचा सगळा प्रवास अंधारातच होणार. एक-दोन किलोमीटर जास्त पडले तरी दिवे असलेला रस्ता धरा. मागे लाल दिवा हवाच, आणि चमकणारी पट्टी पेडलच्या दांड्यांवर चिकटवा. वरखाली हलणारा उजेड चालकाच्या डोळ्यात लगेच भरतो, स्थिर दिवा इतर दिव्यांत हरवतो.

अनघा_मखमलाबाद

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, मागचा लिव्हर सोडून पाहिला, अगदी आळसावल्यासारखा मागे येतो. रविवारी तार काढून घेते. स्क्रूही सापडला, फिरवल्यावर लिव्हर बोटांच्या मधल्या पेराखाली आला. हे आधी कुणी का सांगितलं नाही असं झालं. रानवाट, शिट्टीसारखा आवाज नाही, तरी आईच्या समाधानासाठी डॉक्टरांकडे जाऊन येईन. खरं तर माझ्याही.

औलूकर, त्या पिशव्या इथे तयार मिळत नाहीत. शिवून घेता येतील का? कुणाकडून?

जुना_फिटर

गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्याकडे जा, रेक्झिनचे तुकडे त्याच्याकडे पडलेलेच असतात. आतून जुन्या ब्लँकेटचं अस्तर लावायला सांगा. सायकल सोबत न्या, नुसतं माप सांगून होणार नाही, ब्रेकची केबल जिथून बाहेर येते तिथे चीर ठेवावी लागते. पिशवीचं तोंड रुंद ठेवा आणि त्याला इलॅस्टिक अजिबात लावू देऊ नका. तोल गेला तर हात झटकन बाहेर निघाला पाहिजे. बसवल्यावर आधी घराजवळच्या मैदानात दिवसाउजेडी चालवून, दोन्ही हात एकदम बाहेर काढून बघा, आणि मगच पाळीला घेऊन जा. घंटी पिशवीच्या आत राहत असेल तर अंगठ्याला सापडते का तेही बघून घ्या.