शब्दचर्चा: ‘जुनी मढी’ उकरणाऱ्या सिनेमांना काय म्हणायचं?

पाटीपेन्सिल:
मंडळी, सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय आणि पहिल्याच वाक्यात अडकलेय. विषय असा: ज्या सिनेमांत भूत नुसतं घाबरवायला येत नाही, तर कुणीतरी कधीकाळी दाबून टाकलेलं प्रकरण वर काढायला येतं. ‘मधुमती’ (१९५८) घ्या. आरोपीला बोलतं करण्यासाठी मधुमतीसारख्या दिसणाऱ्या बाईला उभं करायचं ठरतं, ती येते, त्याला नेमके प्रश्न विचारते, आणि मग खरी तोतया धापा टाकत दारात हजर होते. आधी येऊन गेली ती कोण?
याला ‘भयपट’ म्हणवत नाही, भीती अशी वाटतच नाही. ‘रहस्यपट’ म्हटलं की डोळ्यांसमोर इन्स्पेक्टर येतो. ‘गूढपट’ बरोबर होईल का?
दुसरं, संपादकांनी ‘कपाटातले सांगाडे’ असं शीर्षक सुचवलंय. इंग्रजीतून उचललंय हे उघड आहे. आमच्या कपाटात गोधड्या आणि न वापरलेले आहेर असतात. मराठीत काही आहे का?

दुर्बोध:
‘गूढपट’च. कारण सांगतो.
‘गूढ’ हा ‘गुह्’ धातूपासून आला. गुह् म्हणजे झाकणं, लपवणं. गुहा, गुह्य ही त्याचीच भावंडं. म्हणजे गूढ = झाकलेलं. ‘रहस्य’ आलं ‘रहस्’वरून, म्हणजे एकांत. एकांतात सांगायची गोष्ट ती रहस्य. रहस्य कुणाला तरी ठाऊक असतं, फक्त आपल्याला नसतं. गूढाला असा जाणकार लागत नाही.
वापरातही हा फरक टिकलाय. ‘तरुणाच्या मृत्यूचं गूढ कायम’ अशी बातमी येते, ‘रहस्य कायम’ क्वचितच. खून कुणी केला हे रहस्य. बंद माडीवर रात्री पैंजण का वाजतात हे गूढ. तुम्ही म्हणताय त्या सिनेमांची सुरुवात गूढानं होते आणि शेवट रहस्यानं. पैंजणांचा माग काढत गेलं की खाली कुणाचं तरी कृत्य सापडतं.

पाटीपेन्सिल:
वा! हे लेखात चोरणार. आणि ‘गुपित’?

दुर्बोध:
गुपित मैत्रिणींचं असतं. ते फुटतं, आणि फुटल्यावर फार तर अबोला होतो. ‘गुपितपट’ काढलात तर बालनाट्याला येतील तेवढेच येतील.

शुद्धमती:
मूळ शब्दाकडे कुणी गेलंच नाही. ‘भू’ म्हणजे होणे, त्याचं ‘भूत’ म्हणजे होऊन गेलेलं. भूतकाळ, भूतपूर्व यांत तोच अर्थ. आणि वडावरचं भूत तेही हेच, होऊन गेलेलं पण न गेलेलं. (पंचमहाभूतं आणि भूतदया यांतलं भूत वेगळ्या अर्थछटेचं. लहानपणी मला भूतदया म्हणजे भुतांवर दया करणं वाटायचं. तुमच्या सिनेमांत तेच करावं लागतं म्हणा.)
पाटीपेन्सिलताई, एक विनंती. ‘भूतकाळाचं भूत’ ही कोटी करू नका. दर दुसऱ्या परीक्षणात असते.

पाटीपेन्सिल:
खोडली. दोनदा केली होती.

माडाखालचा:
आमच्या तळकोकणात पुरलेल्या गोष्टीचे शब्द वेगळे आहेत आणि ते बहुतेक धनाशी जोडलेले आहेत. हंडा, गुप्तधन, आणि त्यावर बसलेला भुजंग. जो पायाळू असेल, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला, त्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की भुईतलं धन दिसतं अशी समजूत. माझा चुलतभाऊ पायाळू. त्याला धन कधी दिसलं नाही, पण वीज चमकली की आजी त्याला आधी घरात ओढायची, पायाळूवर वीज पडते म्हणून.
जागेची राखण करतो तो राखणदार. तो भूत नव्हे. त्याला भूत म्हटलंत तर गावात वाईट दिसेल. मान दिला की तो सांभाळतो, मान चुकला की आठवण करून देतो.
‘तुंबाड’ (२०१८) पाहताना हेच सगळं आठवत होतं. वाड्याच्या पोटात उतरायचं, कणकेच्या बाहुल्या टाकून तिथल्या हस्तर नावाच्या शापित देवाला गुंतवायचं आणि मोहरा ओढायच्या. पोस्टरवर भय असेल, पण गोष्ट सगळी ‘हाव’ या दोन अक्षरांची.

दुर्बोध:
भुतांच्या नावांवरून आठवलं. ‘समंध’ हे ‘संबंध’चंच रूप. खेड्यात आजही ‘तुझा काय समंध?’ ऐकू येतं. आणि ज्या मेलेल्या ब्राह्मणाचा जीव इथेच अडकलाय, तोही समंध. संबंध तुटला नाही म्हणून भूत! सगळ्या गूढपटांची कथा एका शब्दात आली की नाही?

वऱ्हाडी ठेचा:
शीर्षकाचं राहिलंच की. ‘जुनी मढी उकरणे’ हाय ना! (मढं, अनेकवचन मढी. पाथर्डीजवळच्या कानिफनाथांच्या मढीचा इथं संबंध नाही, समंध तर नाहीच.)

शुद्धमती:
जवळचं आहे, तेच नाही. कपाटातला सांगाडा ही वस्तू झाली, घराण्याचं लपवलेलं लफडं. मढी उकरणं ही कृती, आणि तीही दोष देऊन सांगितलेली. ‘मी जुनी मढी उकरतोय’ असं कुणी अभिमानानं म्हणत नाही.

वऱ्हाडी ठेचा:
बरोबर, पण म्हणतं कोण ते बघा ना. दोन वर्षांमागं आमच्या घरी वाटणीची बैठक होती. आत्यानं सातबारा पुढं सरकवला आणि नुसतं विचारलं, “माझं नाव कमी झालं त्या कागदावर माझी सही कुठाय?” चहाचे कप वाजायचे थांबले. मोठे काका बशीकडं बघत बोलले, “जाऊ दे ना बाई, आता जुनी मढी कशाला उकरतेस?” मला त्या क्षणी समजलं, पुरलं कुणी ते.
सिनेमात बी हेच. म्हातारा पाटील, नाहीतर ठाकूर, नाहीतर घरची प्रेमळ बाई, कुणीतरी पहिल्या अर्ध्या तासात हे वाक्य म्हणतंच. ‘लपाछपी’ (२०१७) मधी उसातल्या घरात जी बाई एवढ्या मायेनं खाऊपिऊ घालते, तिनंच तर…

माडाखालचा:
अहो!! काही जणांनी पाहिला नाहीये.

वऱ्हाडी ठेचा:
चुकलं. पुढचं गिळलं.

शुद्धमती:
‘रहस्यभेद’ हा चांगला शब्द आपण इंटरनेटवर रुजवलाय, तो आधी लिहीत चला. भेद म्हणजे फोडणं. किल्ला भेदतात तसं रहस्य भेदायचं. ‘स्पॉयलर’मध्ये नुसती नासाडी आहे.
‘मढी’बद्दल मात्र तुमचा मुद्दा मान्य. शब्दकोशात अर्थ मिळतो, तो शब्द कुणाच्या तोंडी असतो ते मिळत नाही.

पाटीपेन्सिल:
ठेचाभाऊ, आत्याचं काय झालं?

वऱ्हाडी ठेचा:
कोर्टात हाय. आत्या भूत व्हायची वाट बघणाऱ्यातली नाही.

माडाखालचा:
‘वाचा फुटणे’ पण घ्या लेखात. ‘खुनाला वाचा फुटली’ म्हणतो आपण. माणसाला नाही, खुनाला. मेलेला गप्प, मारणारा गप्प, मग बोलायला खूनच उरतो.

पाटीपेन्सिल:
सुंदर! मी लिहिलंय की मधुमती ‘येते आणि झपाटते’. चालेल?

दुर्बोध:
नको. ‘झपाटणे’ आता निम्मं सुधारलंय. ‘झपाटून काम केलं’ ही शाबासकी झाली. ‘पछाडणे’ अजून बदमाश आहे. पछाडलेला माणूस आजारानं नाहीतर संशयानंच पछाडलेला असतो, कामानं नाही. तुमच्या खुन्याला पछाडा. मधुमतीला नुसतं ‘येते’ पुरे.

पाटीपेन्सिल:
तुमचं ‘पुरे’ वाचलं आणि डोक्यात काहीतरी वाजलं. शीर्षक: ‘पुरून उरलेले’.

शुद्धमती:
ताई, ‘पुरून उरणे’ मधलं पुरणे म्हणजे पर्याप्त होणे. ‘तो दहा जणांना पुरून उरेल.’ जमिनीत पुरण्याशी त्या वाक्प्रचाराचा संबंध लावणं चूक आहे.

पाटीपेन्सिल:
चूक आहे हे माहीत असूनच करतेय. जमिनीत पुरलं तरी उरलं, आणि पुरणाऱ्या सगळ्यांना पुरून उरलं. दोन्ही अर्थ लागू नाहीत का?

शुद्धमती:
…लागू आहेत. श्लेष म्हणून चालेल. पण लेखात एका ओळीत खुलासा करा, नाहीतर लोकांना वाक्प्रचाराचा उगम तोच वाटेल.

वऱ्हाडी ठेचा:
आत्याला पाठवतो हे शीर्षक.

पाटीपेन्सिल:
ताजा कलम: संपादकांना कळवलं. त्यांचं उत्तर आलंय, “शीर्षक छान, पण पुरणपोळीचा लेख पाककृतींच्या पानावर जाईल. त्यांना किलोचं प्रमाण लागतं.”