कुत्रं-मांजर घेऊन परदेशी जाताना: पुण्याहून निघालेल्यांचे अनुभव

तळजाईवाली:
ओळखीतल्या बऱ्याच जणांकडून हल्ली एकच प्रश्न येतो. नोकरी परदेशी लागली, घरातल्या कुत्र्याचं काय करायचं? विचारतात तेव्हा बहुतेकांच्या हातात जेमतेम महिना उरलेला असतो आणि तिथेच सगळं अडतं. म्हणून हा धागा. ज्यांनी पुण्याहून प्राणी नेला, किंवा न्यायचं ठरवून थांबले, त्यांनी सविस्तर लिहा. एजंट आणि विमान कंपन्यांची नावं नकोत, काय घडलं ते हवं.

सुरुवात मी करते. आमची चिंगी सहकारनगरच्या गल्लीतली गावठी कुत्री. आता म्युनिकला आहे. युरोपियन युनियनसाठी क्रम असा: आधी १५ अंकी आयएसओ मायक्रोचिप (मानेजवळ कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), मग रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं आणि ते युरोपने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं. लसीमुळे रक्तात तयार होणाऱ्या अँटिबॉडी मिलिलिटरला ०.५ आययू (त्या मोजायचं एकक) किंवा जास्त हव्यात. एवढं झाल्यावर रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. सगळं पहिल्या फटक्यात जमलं तरी चार महिने गेले. चिंगीच्या लसी वेळच्या वेळी झालेल्या होत्या, पण आपल्याकडे चिप सहसा बसवत नाहीत आणि चिपच्या आधीची लस युरोप धरतच नाही. पुन्हा लस, पुन्हा ३० दिवस.

डॉक्टरांनी चिप बसवल्यावर मानेवरून स्कॅनर फिरवला, तो टुककन वाजला, आणि पडद्यावरचा एकेक अंक मी कार्डावरच्या स्टिकरशी ताडून पाहिला. हे सगळ्यांनी करा. लसीच्या पुस्तिकेत, रक्ताच्या अहवालात, आरोग्य प्रमाणपत्रात, सगळीकडे हाच आकडा लागतो. एक अंक चुकला की पुढचे सगळे कागद वाया.

आणि बूस्टरची तारीख चुकवू नका. एक दिवस जरी उलटला तरी आधीची रक्तचाचणी बाद होते आणि घड्याळ पुन्हा शून्यावर.

बाणेरचा बाबा:
आमचा लॅब्रॉडॉर, अमेरिका. सीडीसी म्हणजे तिथली रोगनियंत्रणाची सरकारी संस्था. कुत्र्यांच्या रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांच्या तिच्या यादीत भारत आहे, आणि १ ऑगस्ट २०२४ पासून नियम आणखी कडक झालेत. कुत्रं किमान सहा महिन्यांचं हवं, चिप हवी, आणि भारतात दिलेल्या लसीचा सीडीसीचा फॉर्म डॉक्टरांनी भरून त्यावर सरकारी पशुवैद्यकाची सही-शिक्का हवा. विमानतळही कोणताही चालत नाही. भारतात लस घेतलेलं कुत्रं अॅटलांटा, न्यूयॉर्कचं जेएफके, लॉस एंजेलिस, मायामी, फिलाडेल्फिया आणि वॉशिंग्टनचं डलेस या सहांपैकी एका ठिकाणीच उतरू शकतं. तिथल्या सीडीसीकडे नोंदणी असलेल्या प्राणी केंद्रात आधी जागा राखून ठेवावी लागते. सीडीसीमान्य प्रयोगशाळेचा अँटिबॉडी अहवाल नसेल तर २८ दिवस क्वारंटाइन, तेही आपल्या खर्चाने.

आम्हाला जायचं होतं डॅलसला. डलेसला उतरवून पुढे गाडीने नेला. केंद्रातली जागा, विमानाची तारीख आणि कंपनीने प्राणी घ्यायला दिलेला होकार, या तिन्हींचा मेळ घालताना खरा घाम निघाला. कंपनी म्हणते आधी केंद्राचं बुकिंग दाखवा, केंद्र म्हणतं आधी फ्लाइट नंबर द्या. फोनवर फोन. शेवटी केंद्रातल्या बाईंनी तात्पुरती जागा धरून ठेवली, तेव्हा गाडी पुढे सरकली.

पिंजऱ्याबद्दल. आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, नियमाप्रमाणे कुत्र्याला उभा करून माप घ्या. लांबी म्हणजे नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत, अधिक जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीच्या निम्मं. रुंदी खांद्यांच्या दुप्पट. उंची कानाच्या किंवा डोक्याच्या टोकापर्यंत, शिवाय अंथरुणाची जाडी. कुत्र्याला आत उभं राहता, वळता आणि पसरता आलं पाहिजे. दोन्ही भाग धातूच्या नट-बोल्टने जोडलेले हवेत. पिंजरा आधीच आणून हॉलमध्ये ठेवा, जेवण त्यातच द्या. आमचा शेवटी शेवटी दुपारची झोपही त्यातच काढायचा.

पगची ताई:
आमचं थोडक्यात. बुकिंगच्या वेळी कंपनीने पग चालेल म्हणून सांगितलं, सगळे कागद झाले, आणि निघायच्या आदल्या आठवड्यात ईमेल आला की चपट्या नाकाच्या जाती आम्ही सामानकक्षात घेत नाही. खूप रडले. पण मुळात हा नियम प्राण्यांच्या भल्याचाच आहे. पग, बुलडॉग, शिह त्झू, पर्शियन मांजर, यांची श्वासाची वाट अरुंद असते. उकाड्यात, ताणात त्यांना धाप लागते आणि वर विमानात बघायला कोणी नसतं. माझं म्हणणं एवढंच की हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. चपट्या नाकाचा प्राणी असेल तर जातीच्या नावासकट होकार लेखी घ्या. आमचा गोट्या आता औंधला बहिणीकडे आहे, मजेत आहे.

रमाकाकू:
मी मांजर नेलं, लंडनला मुलाकडे. ब्रिटनला विमानाने येणारं कुत्रं-मांजर कार्गोतूनच यावं लागतं, केबिनमध्ये चालत नाही. आमच्या सोनीला कार्गोत टाकायला माझं मन होईना. मग मुलाने वेगळी वाट काढली. केबिनमध्ये मांजर घेणाऱ्या कंपनीने मुंबईहून पॅरिसला गेलो, तिथून गाडीने कॅलेला, आणि खाडीखालच्या बोगद्यातून गाडीसकट ट्रेनने पलीकडे. फ्रान्सचे आणि ब्रिटनचे असे दोन्हीकडचे कागद तयार ठेवले होते. कुत्रं असतं तर ब्रिटनला पोचायच्या २४ ते १२० तास आधी डॉक्टरकडून फीतकृमीचं औषध देऊन त्याची नोंदही लागली असती. मांजराला ते नाही.

सगळ्यात कठीण क्षण मुंबईच्या सिक्युरिटीत आला. पिशवी एक्स-रेमधून जाते आणि मांजर आपल्या हातात घेऊन दारातून चालावं लागतं. एवढी गर्दी, ट्रे आदळण्याचे आवाज. सोनीने नखं माझ्या खांद्यात रुतवली, पण हार्नेस घट्ट होता आणि दोरीचा वेढा माझ्या मनगटाला होता, म्हणून निसटली नाही. तिथल्या सीआयएसएफच्या मुलीने थांबून सगळ्यांना जरा मागे केलं, तिचे उपकार. घरात हार्नेसची सवय लावल्याशिवाय मांजर घेऊन निघू नका. बऱ्याच कंपन्यांची केबिनमधली मर्यादा पिशवीसकट ८ किलोच्या आसपास असते, तेव्हा वजनही बघा.

वडगावशेरीकर:
घराशेजारी लोहगावचा विमानतळ, पण तिथून परदेशी उड्डाणं मोजकीच. त्यामुळे मुंबईच गाठावी लागली. एक्यूसीएस, म्हणजे केंद्र सरकारची प्राण्यांच्या क्वारंटाइनची आणि प्रमाणपत्रांची यंत्रणा, तिचं कार्यालयही आपल्याला मुंबईलाच. कुत्र्याला घेऊन जायचं. लसीची पुस्तिका, चिपचा कागद, आपल्या डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, पासपोर्ट आणि तिकीट सोबत. अधिकारी तपासतात आणि निर्यातीचं आरोग्य प्रमाणपत्र देतात. युरोपला ते दिल्यापासून १० दिवसांच्या आत पोचावं लागतं, म्हणून हे काम फार आधी उरकून ठेवता येत नाही. याच टप्प्यावर जीव टांगणीला लागतो.

आम्ही पहाटेच निघालो. घाटात ट्रक उलटला की चार-चार तास जातात. खालापूरला थांबून पाणी पाजलं, फिरवलं. मे महिना मात्र टाळा, उन्हामुळे कंपन्या ऐन वेळी प्राणी नाकारतात.

नवीन सदस्य:
आजीचा बोलणारा पोपट आहे, मिठू. तो नेता येईल का?

तळजाईवाली:
नाही. आपला हिरवा पोपट पाळणंच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, नेणं तर दूरच. वन विभागाशी बोला, मिठूला बावधनच्या उपचार केंद्रासारख्या ठिकाणी नीट जागा मिळेल का ते विचारा.

कोथरूडची लेक:
मी न नेणाऱ्यांपैकी. ऑस्ट्रेलियाने ज्या देशांमधून थेट कुत्री घ्यायची ठरवलंय त्यांत भारत नाही. आधी त्यांच्या यादीतल्या एखाद्या देशात १८० दिवस ठेवायचं, आणि मग मेलबर्नजवळच्या मिकलहॅमला क्वारंटाइन. आमचा बंड्या तेरा वर्षांचा, मागचे पाय दुखतात. एवढ्या महिन्यांची फरपट त्याच्या वाट्याला देणं मला पटलं नाही. तो आईबाबांकडे राहिला. नातेवाईक म्हणाले, "तुला त्याची माया असती तर नेला असतास." माया आहे म्हणूनच ठेवला. त्याचा कोपरा, त्याचा रस्ता, संध्याकाळी बाबांबरोबरची चक्कर, सगळं त्याचंच राहिलं.

डॉ. पशुवैद्य:
तिघांनी निरोपातून विचारलं म्हणून इथेच लिहितो. गुंगीचं औषध देऊ नका. त्याने रक्तदाब उतरतो, तोल जातो, शरीराचं तापमान सांभाळणं अवघड होतं, आणि उंचीवर त्याचा परिणाम कसा होईल याचा भरवसा नसतो. गुंगीत दिसणारा प्राणी विमान कंपन्याही परत पाठवतात. निघायच्या काही तास आधी हलकं खाणं द्या, पाणी बंद करू नका. पिंजऱ्यात तुमचा वापरलेला, न धुतलेला टीशर्ट ठेवा. म्हातारा, हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असलेला प्राणी असेल तर तिकीट काढायच्या आधी रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे करून घ्या, मग ठरवा.