रीएंट्री, पुनर्प्रवेश की पुनःप्रवेश?

जुना वकील: "रीएंट्री हा अवकाशयानांनी जन्माला घातलेला शब्द, मराठीत सरळ पुनर्प्रवेश म्हणा." गगनविहारींची ही पोस्ट वाचता वाचता माझा चहा गार झाला. अहो, यानं उडायच्या कितीतरी आधी, १५व्या शतकापासून, इंग्रज जमीनदार रीएंट्री करत होते! अट मोडली की कुळाकडून ताबा परत. आपल्या १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम १११ उघडा, तिथेही हीच. 'री' लॅटिन, 'एंट्री' फ्रेंचांकडून आलेली, तीही मूळची लॅटिनच. यान वातावरणात परत शिरण्याचा अर्थ म्हणजे या शब्दाच्या घरातलं शेंडेफळ.

गगनविहारी: काका, भाडेपट्टे वाचतं कोण? लोकांच्या कानावर शब्द पडला तो २००३ला, परतीच्या वाटेवर कोलंबिया यान फुटलं आणि कल्पना चावला गेली तेव्हा. २००७ला इस्रोने अवकाशातून परत आणलेली कुपी बंगालच्या उपसागरात उतरवली तेव्हाही हाच.

विसर्गप्रेमी: दोघंही थांबा. 'पुनर्प्रवेश' लिहवतं कसं? 'प'समोर विसर्गच. पुनःप्रवेश! पुनर्जन्म बरोबर आहे म्हणून दिसेल तिथे रफार ठोकायचा?

गगनविहारी: मग 'पुनर्रचना' रोज छापतात, ती?

विसर्गप्रेमी: संस्कृत संधीनं तीही चूक. 'र्'पुढे 'र' आला की पहिला जातो, आधीचा स्वर दीर्घ होतो. पुनारचना.

चिपळूणकरीण: पुनारचना! पुण्याची रचना वाटेल लोकांना.

विसर्गप्रेमी: थट्टा करायला व्याकरण लागत नाही, हे दिसलंच.

चिपळूणकरीण: आणि व्याकरण असलं की माणुसकी लागत नाही, हेही.

जुना वकील: विषय काय, चाललंय काय!

खेडवाला: माझे वडील २२ वर्षं सौदीत होते. आमच्या घरात या शब्दाला एकच अर्थ, 'एक्झिट-रीएंट्री'चा शिक्का. तो असेल तर सुट्टीवर येऊन परत कामावर जाता येतं. आजी गेली तेव्हा मालकाने तो वेळेत काढून दिला नाही, बाबा मातीला पोचले नाहीत. नंतर दर वेळी फोनवर आईचा पहिला प्रश्न, "रेन्ट्री लागली काय?" तिला ना लॅटिन ठाऊक, ना विसर्ग.

विसर्गप्रेमी: वाईट वाटलं. तरी 'पुनःप्रवेश परवाना' म्हणता आलं असतं.

चिपळूणकरीण: धन्य आहे!

गगनविहारी: वकीलकाका, १५वं शतक मान्य. शेंडेफळ नाही.

विसर्गप्रेमी: बरं, 'रेन्ट्री' चालेल. बोलीत रुळलेला शब्द म्हणून. 'पुनर्प्रवेश' मात्र मेलो तरी नाही.