श्यामची आई ऑडिओमध्ये ऐकवायचंय, पूर्ण रेकॉर्डिंग कसं ओळखायचं?

मुलुंडची आई
नमस्कार. मुलगी ९ वर्षांची आहे, इंग्रजी मीडियमला. मराठी बोलते छान पण वाचताना जोडाक्षरं आली की अडते आणि पुस्तक ठेवून देते. म्हणून माझ्या सासूबाई तिला रोज रात्री श्यामची आई वाचून दाखवायच्या, रोज एक रात्र (त्यातल्या प्रकरणांना रात्रच म्हटलंय), अकरा रात्री झाल्या आणि मग त्यांच्या डोळ्यांचा त्रास वाढला, आता बारीक टाइप दिसतच नाही त्यांना. माझं ऑफिस फोर्टला, घरी पोचेपर्यंत साडेआठ होतात, त्यानंतर स्वयंपाक, म्हणून म्हटलं ऑडिओबुक घेऊया.

एका अॅपवर पैसे भरून एक घेतलं, अडीच तासांचं निघालं. सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या, त्यांनीच पकडलं की अगं यात अळणी भाजीची रात्र कुठाय? खरंच नव्हती. कुठेही लिहिलं नव्हतं की संक्षिप्त आहे. मुलीनं मात्र ते शेवटपर्यंत ऐकलं, आणि सावकाराचा माणूस दारात येतो तो भाग झाल्यावर तिनं आजीला विचारलं, श्यामच्या बाबांना पण ईएमआय होता का? गेलं वर्षभर आमच्याकडे पैशांची ओढाताण चाललीये, आम्ही तिच्यासमोर बोलत नाही पण तिला सगळं कळत होतं हे मला त्या दिवशी कळलं. त्यामुळे आता मला तिला हे पुस्तक पूर्ण ऐकवायचंय, तुकडे नकोत.

पूर्ण आहे हे विकत घ्यायच्या आधी कसं ओळखायचं? म्युझिकवालं चांगलं की साधं वाचन? आणि आईच्या शेवटच्या आजाराचा भाग तिला एकटीला ऐकू द्यावा का?

परळ नाका
आधी वेळ बघा. पुस्तक साधारण अडीचशे पानांचं आहे, मोठ्यानं नीट वाचलं तर एका पानाला दोन मिनिटं धरा, म्हणजे आठ तासांच्या आसपास काहीतरी यायला हवं. दोन-तीन तासांचं असेल तर कापलेलंच आहे, वर काहीही लिहिलेलं असो. दुसरं म्हणजे अनुक्रमणिका उघडा आणि रात्री मोजा. रात्र पहिली सावित्रीव्रत, रात्र बेचाळिसावी आईचे स्मृतिश्राद्ध, मधली एकही गाळलेली नको, आणि पहिल्या रात्रीच्या आधीचा प्रारंभ पण हवा.

इतकी सगळी रेकॉर्डिंग्ज का आहेत तेही सांगतो. साने गुरुजी १९५० साली गेले, आपल्याकडे लेखकानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे २०१० संपलं तसं हे पुस्तक सगळ्यांसाठी मोकळं झालं. कुणीही वाचून टाकू शकतं. ही फार चांगली गोष्ट आहे पण त्यामुळेच निवडून घ्यावं लागतं.

अजून एक बघाच, आश्रमातले भाग ठेवलेत का. श्याम प्रार्थना झाल्यावर मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो, मित्र मध्ये बोलतात, कुणी वाट बघत असतं. कापणारे पहिली कात्री तिथेच लावतात कारण त्यांना वाटतं त्यात गोष्ट नाही. अहो पण पुस्तकच मुळात सांगण्याऐकण्याचं आहे, तुमच्या सासूबाई रोज एक रात्र वाचायच्या ते अगदी बरोबर होतं, तसंच चालू ठेवा.

पार्ल्याहून
मी अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते, बरीच वर्षं झाली, त्यामुळे म्युझिकच्या प्रश्नावर मनापासून लिहिते. साधं वाचन घ्या. या पुस्तकात श्याम रडतो, आई रडते, त्यात वाचणाऱ्यानं पण गळा काढला आणि मागे बासरी लावली तर ऐकणाऱ्या मुलाला स्वतःचं काही वाटायला जागाच उरत नाही. मी स्वतः सुरुवातीला खूप भावना ओतून वाचायचे, मग एका विद्यार्थ्यानं सांगितलं की ताई तुम्ही नुसतं वाचा, आम्हाला कळतं. त्या दिवसापासून बदलले.

निवडताना नमुना म्हणून श्यामचे पोहणे ही रात्र ऐका. तिथे आई श्यामला मारून विहिरीवर पाठवते, आणि तो परत आल्यावरची आई वेगळी असते. वाचणाऱ्यानं तिला नुसती कजाग केली असेल किंवा सगळीकडे एकाच दुःखी आवाजात वाचलं असेल तर ते सोडून द्या.

आणि हल्ली मशीनच्या आवाजातली रेकॉर्डिंग्ज खूप आलीत, ती तर मुलांना अजिबात ऐकवू नका. आपल्या च आणि ज चे दोन-दोन उच्चार त्यांना बरेचदा जमत नाहीत. जातपात मधला जात आणि 'तो शाळेत जात होता' मधला जात एकसारखाच वाचतात, चूल मधला च चिंचेतल्यासारखा. ज्या मुलीला वाचता येत नाही म्हणून आपण ऐकवतोय तिच्या कानावर तेच पडलं तर ती तसंच बोलायला शिकणार ना.

बोरिवली वेस्ट
शेवटच्या भागाबद्दल. माझा मुलगा ८ वर्षांचा होता तेव्हा मी आजारापासूनचा सगळा भाग गाळला, म्हटलं नको रडायला. नंतर त्याला दुसरीकडून कळलं आणि तो माझ्यावर खूप चिडला, म्हणाला तू मला खोटी गोष्ट सांगितलीस. ते मला आजही लागतं. ऐकू द्या, फक्त एकटीला नको, तुम्ही शेजारी बसा आणि ऐकून झाल्यावर लगेच लाइट घालवू नका.

बाकी मध्ये थांबून बोलावं लागेल अशा जागा आहेत. देवाला सारी प्रिय या रात्रीत आई श्यामला सांगते की त्या म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावर मोळी चढव आणि घरी येऊन आंघोळ कर. त्या काळात आईनं उचललेलं ते पाऊल मोठं होतं पण आजच्या मुलाला त्या आंघोळीचा अर्थ काय ते विचारावंसं वाटतंच, आणि त्याचं खरं उत्तर द्यायला हवं. नुसता ऑडिओ लावून आपण भांडी घासायला गेलो तर तो प्रश्न हवेतच राहतो.

परळ नाका
सासूबाईंसाठी पण लिहायचं राहिलं, वरळीला नॅबची (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) बोलक्या पुस्तकांची लायब्ररी आहे, दिसायला त्रास असलेल्यांसाठी. त्यांच्या डोळ्यांचे कागद घेऊन एकदा चौकशी करून या.

मुलुंडची आई
सगळ्यांचे खूप आभार. रात्री मोजून, नमुना ऐकून एक साधं वाचन मिळालं, एका बाईंचा आवाज आहे, म्युझिक नाही. रोज एकच रात्र लावतो. सासूबाई रिमोटसारखा फोन हातात धरून बसतात, पडवी आली की थांबवतात, पत्रावळ आली की थांबवतात, त्यांचं माहेर कोकणातलं, मग पंधरा मिनिटांची रात्र पाऊण तास चालते आणि मी पण कणीक मळता मळता ऐकते. ईएमआयबद्दल पण आम्ही दोघं तिच्याशी बसून बोललो, किती आहे, कधी संपेल, सगळं आकड्यांत सांगितलं. तिनं वहीत लिहून घेतलं.

अळणी भाजीची रात्र यायला अजून वेळ आहे पण सासूबाईंना धीर नव्हता, त्यांनी आठवेल तशी परवाच सांगून टाकली. मी ती फोनवर रेकॉर्ड करून ठेवलीये. मागे कुकरच्या शिट्ट्या आहेत आणि मुलगी मध्येच विचारतेय की बाबांनी मीठ मागितलं का नाही.