ऋतू शहराच्या रस्त्यावरही दिसतो

वर एकांनी लिहिलंय की जुन्या चित्रांतला ऋतू म्हणजे शेत, झाडं आणि पाखरं. शहरात तो दिसत नाही. मला हे पटत नाही.

युरोपातला जुना चित्रकार होलार, त्याचा १६४३ चा 'हिवाळा' नीट बघा. मागे लंडनची कॉर्नहिलची बाजारपेठ, पुढे उभी बाई. चेहऱ्यावर काळा मुखवटा, दोन्ही हात फरच्या ऊबदार नळीत खुपसलेले. सगळी थंडी तिच्या अंगावर आहे! जपानी चित्रकार हिरोशिगेची एदो (आजचं टोकियो) शहरावरची चित्रमालिका (१८५६-५८) तर ऋतूंनुसारच लावलेली आहे. त्यातली १८५७ ची पुलावरची सर मी कितीदा पाहिली असेल. पावसाच्या त्या केसाएवढ्या रेघा लाकडी ठशावर कोरून उठवल्या आहेत, आणि लोक छत्र्या-चटया डोक्यावर धरून वाकून पळतायत.

आपल्या सोलापूरचे बारा महिने कुणी असे काढायला हवेत. जानेवारी तर ठरलेलाच: पांढऱ्या बाराबंदीतले भक्त, ग्रामदैवत सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, संमती कट्ट्यावरच्या त्यांच्या लग्नसोहळ्याच्या अक्षता, मग गड्ड्यावरची, म्हणजे जत्रेतली गर्दी. एक काठी पेलताना माणसाच्या मानेच्या शिरा कशा ताठ होतात, तेवढं जरी चित्रात आलं तरी संक्रांत ओळखू येईल. मे महिन्याला मात्र माणसं नकोत. दुपारी दोनचा रिकामा रस्ता, बंद दारं, सावलीला टेकवलेली एक सायकल.

कुणाच्या घरी सोलापूरची जुनी रेखाटनं असतील तर इथे फोटो टाका, विशेषतः तलावाच्या काठाची.