तेलाचा डबा आणि सोयाबीनची पट्टी

सोसायटीचा रहिवासी ग्रुप, लातूर. रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

कुलकर्णी वहिनी, बी-३०४ (स. ८.१०)
शिंदे साहेब, ‘सोयाबीनची आयात कायमची बंद, आठ दिवसांत भाव ८,००० आणि तेलाचा डबा दुप्पट’ हा आपण काल रात्री पावणेबारा वाजता टाकलेला संदेश वाचून आमच्या ह्यांनी आज सकाळी दुकान उघडायच्या आत दुकानदाराला गाठले आणि फराळासाठी एक डबा पुरेसा असताना तीन डबे आणून स्वयंपाकघरात उभे केले. तूरडाळीबद्दलच्या अशाच संदेशाच्या वेळी काय झाले होते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यातली पाच किलो डाळ अजून माझ्या फळीवर आहे आणि तिची आजची अवस्था मी इथे लिहू इच्छित नाही.

शिंदे साहेब, ए-४०१ (८.१६)
वहिनी, तो संदेश मी लिहिलेला नाही, फक्त पुढे पाठवला. पाठवणारी व्यक्ती जबाबदार असून मुंबईत तिची ऊठबस आहे. सावध केल्याबद्दल आभार मानायचे सोडून इथे उलटतपासणी होते, हे या ग्रुपचे नेहमीचेच आहे.

जोशी सर, बी-१०१ (८.१८)
आयातबंदीच्या आदेशाचा क्रमांक आणि दिनांक कृपया कळवावा.

देशमुख काका, ए-१०२ (८.४०)
तुमची चर्चा डब्यावर चालली आहे, म्हणून मोंढ्याकडचे, म्हणजे शेतमालाच्या बाजाराकडचे सांगतो. सप्टेंबरच्या पावसात आमच्या भावाच्या आठ एकरांपैकी तीन एकर मांजरा नदीने खरवडून नेले आणि जे वाचले त्याची बनीम (कापलेल्या पिकाची गंजी) ताडपत्रीखाली असूनही खालून भिजली. काल वाळवून, चाळून कट्टे मोंढ्यात नेले, तर ओल जास्त आणि दाणा डागी म्हणून पट्टी (विक्रीची पावती) क्विंटलला ३,७०० रुपयांनी झाली. यंदाचा हमीभाव ५,३२८ रुपये आहे. पण खरेदी केंद्रे अजून सुरू नाहीत आणि मजुरांचे पैसे केंद्राची वाट बघत थांबत नाहीत. आता मला एवढेच समजावून सांगा, की बी इतके मातीमोल असताना वहिनींचा डबा महाग कसा? मधल्यामध्ये खाते कोण?

शिंदे साहेब (८.४३)
व्यापारी. दुसरे कोण?

सय्यद भाई, सी-२०१ (८.५५)
शिंदे साहेब, मी २२ वर्षे तेलगिरणीत हिशेब लिहितो आणि ते आपल्याला माहीत असूनही आपण असे लिहिले, म्हणून उत्तर देणे भाग आहे. काका, आपण बी म्हणजे तेल समजता आणि तिथेच घोटाळा होतो. एक क्विंटल सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल निघते आणि ८० किलोच्या आसपास पेंड, म्हणजे तेल काढल्यावर उरणारे पशुखाद्य. म्हणजे तेल किलोमागे १० रुपयांनी वाढले तर क्विंटलमागे १८० रुपये वाढतात. पण पेंड किलोमागे १० रुपयांनी पडली, तर ८०० रुपये जातात. बियाचा भाव पेंडीवर उभा असतो, तेल हा वरचा तुकडा आहे. पेंड पडण्याचे एक कारण म्हणजे इथेनॉल. मका आणि तांदूळ आंबवून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो, त्याला डीडीजीएस म्हणतात. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण आल्यापासून हा चोथा भरपूर झाला आहे आणि पोल्ट्रीवाले सोयापेंडीऐवजी तो घेतात, कारण तो स्वस्त पडतो.

पवार, सी-३०२ (८.५८)
थोडक्यात, मी मोटारसायकलमध्ये पेट्रोल भरतो आणि काकांचा भाव कोंबडी ठरवते. 😀

कुलकर्णी वहिनी (९.०१)
पवार, हसण्यावारी नेऊ नका. माझा प्रश्न तसाच राहिला आहे. डबा महाग का? २२ सप्टेंबरपासून जीएसटी कमी झाला, असे टीव्हीवर दिवसभर सांगत होते.

कांबळे मॅडम, बी-२०२ (९.०९)
वहिनी, खाद्यतेलावर जीएसटी आधीपासून ५ टक्केच होता आणि नव्या रचनेतही तो ५ टक्केच राहिला आहे. त्यामुळे टीव्ही आणि साबणाचे जे झाले, ते तेलाचे होण्याचा प्रश्न नव्हता. डब्याची किंमत बरीचशी हलते ती आयातशुल्काने. आपण खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग बाहेरून आणतो: पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोयातेल प्रामुख्याने अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, सूर्यफुलाचे तेल रशिया आणि युक्रेनकडून. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे एकूण शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्के केले गेले, म्हणजे शेतकऱ्याच्या बाजूने. मग ३० मे २०२५ ला ते साडेसोळा टक्क्यांवर आणले, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बाजूने. शुद्ध तेलाचे शुल्क मात्र ३५.७५ टक्केच ठेवले, जेणेकरून निदान इथल्या रिफायनऱ्या चालाव्यात.

देशमुख काका (९.१५)
म्हणजे सरकारने एक पाय आमच्या बांधावर आणि एक पाय वहिनींच्या ओट्यावर ठेवला आहे, आणि दोन्हीकडे घसरतो आहे.

जोशी सर (९.१६)
क्रमांक आणि दिनांक?

शिंदे साहेब (९.२०)
जोशी सर, आपण शाळेत नाही आहात.

सय्यद भाई (९.३१)
आदेश असण्याची शक्यताच मुळात कमी आहे. आपल्याकडे सोयाबीनचे बी फारसे येतच नाही. येते ते तेल. जे फारसे येत नाही त्याची आयात बंद करून भाव ८,००० कसा होईल? उलट ज्या दिवशी इथे जीएसटीचे दर बदलले, त्याच २२ सप्टेंबरला अर्जेंटिनाने धान्य आणि तेलबियांवरचा निर्यातकर तात्पुरता काढला, सात अब्ज डॉलरच्या निर्यातीपर्यंत. ती मर्यादा तीन दिवसांत भरली आणि त्यात आपल्याकडच्या आयातदारांनीही सोयातेलाचे सौदे करून घेतले. चीनने अमेरिकेचे सोयाबीन घेणे थांबवल्याने तिकडचा मालही दुसरे गिऱ्हाईक शोधतो आहे. मोंढ्यातली बोली या सगळ्यावरून ठरते. आडत्या, म्हणजे मोंढ्यातला दलाल, फक्त हातातला कागद वाचून दाखवतो.

देशमुख काका (९.४४)
भाई, हे पटते. पण प्रत्येक वेळी बाजार असाच आपोआप पडत नाही, हेही लिहा. २०२१ च्या पावसाळ्यात याच लातूरला सोयाबीन १०,००० च्या वर गेले होते, तेव्हा ऑगस्टमध्ये जनुक बदललेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आणायला परवानगी दिली गेली. आमचे बी मोंढ्यात येण्याच्या आधी भाव खाली आला. त्याच डिसेंबरमध्ये सेबीने, म्हणजे वायदेबाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, सोयाबीनचे वायदे (पुढच्या महिन्यांच्या मालाचे आज ठरणारे सौदे) बंद केले आणि ती बंदी पुन्हा पुन्हा वाढवली गेली, त्यामुळे पुढच्या दोन महिन्यांत काय भाव राहील, याचा उघड आकडा आम्हाला दिसत नाही. आणि म्हणूनच शिंदे साहेबांसारख्यांचे ८,००० खरे वाटतात. खरा आकडा दिसत नसेल, तर माणूस खोटा धरतो. माझ्या भावाने काल तोच संदेश वाचून उरलेले कट्टे विकायचे थांबवले आहे.

शिंदे साहेब (९.४७)
मग २०२४ मध्ये हमीभावाच्या खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के कोणी केली, तेही लिहा की! चांगले कोणी केले की इथे बोटे थांबतात.

पवार (९.४८)
साहेब, ती नोव्हेंबर २०२४ मध्ये केली, विधानसभेचे मतदान २० तारखेला होते. यंदा बी जास्त भिजले आहे, पण विधानसभेचे मतदान नाही.

शिंदे साहेब (९.४९)
पवार, आपला पार्किंगचा विषय प्रलंबित आहे, एवढे लक्षात असू द्या.

सचिव (९.५५)
सर्वांना नम्र विनंती, की पार्किंग मध्ये आणू नये. गणपतीत त्यावरून जे झाले ते पुरे आहे. चर्चा माहितीपूर्ण असल्याने ती थांबवत नाही. मात्र पक्षांची नावे घेऊ नयेत. अतिवृष्टीच्या ३१,६२८ कोटींच्या सरकारी मदत पॅकेजबद्दलही काल तीन वेगवेगळे संदेश आले असून तिन्हींत हेक्टरी रक्कम निराळी आहे. असे संदेश टाकणाऱ्यांनी आधी तलाठी किंवा कृषी सहायकाला विचारावे.

जोशी सर (९.५६)
त्या संदेशांतही क्रमांक नव्हता.

कुलकर्णी वहिनी (१०.१२)
देशमुख काका, मी डब्यांचे रडगाणे लावले, तेव्हा आपल्याकडे काय झाले आहे ते मला माहीत नव्हते. सासूबाई इथे बसून ऐकत होत्या. त्या म्हणतात, की त्यांच्या लग्नात आणि नंतर वीस वर्षे घरात करडईचेच तेल होते, घाण्यावरून यायचे, आणि तेव्हा अर्जेंटिना कुठे आहे हे कुणाला माहीत असण्याची गरज नव्हती.

देशमुख काका (१०.२५)
आईंचे बरोबर आहे. पण करडई आपण सोडली ती उगाच नाही. काट्यांमुळे काढणीला मजूर मिळेना, आणि सोयाबीन शंभर-एकशेदहा दिवसांत मोकळे होऊन दिवाळीला रोख पैसा देऊ लागले. शिवाय सोयाबीनमध्ये तेल इतके कमी, की त्याला घाणा पुरत नाही, कारखानाच लागतो. म्हणून बी आमचे असले तरी भाव आमच्या हातून कायमचा गेला. नदीने खरवडलेल्या तीन एकरांत यंदा काही होणार नाही. पण वरच्या दोन एकरांना परवापर्यंत वाफसा येईल असे भाऊ म्हणतो. तिथे करडई पेरायला मी उद्या पहाटेच्या एसटीने गावी जातो आहे. फाल्गुनात काढणी झाली की घाण्यावर नेऊ. ज्यांना तेल हवे असेल त्यांनी किलोत सांगावे, डब्यात नको.

कांबळे मॅडम (१०.२७)
आमचे पाच किलो लिहा.

सय्यद भाई (१०.२८)
माझेही पाच. आणि काका, भावाला म्हणावे की राहिलेले कट्टे नीट वाळवून ओल बारा टक्क्यांच्या आत आणा आणि खरेदी केंद्राची नोंदणी सुरू होईपर्यंत थांबता येत असेल तर तेवढ्यासाठी थांबा. ८,००० साठी थांबू नका.

कुलकर्णी वहिनी (१०.३१)
आमचे दहा. दोन डबे परत घेतो, असे दुकानदाराने आताच सांगितले आहे. ह्यांना परत पाठवले आहे.

शिंदे साहेब (१०.४०)
हा संदेश हटवला गेला आहे.

जोशी सर (१०.४१)
साहेब, हटवला तो कालचा संदेश, की आदेशाचा क्रमांक?