मुलांच्या हातातलं इन्स्टा: तुमच्या घरी काय घडलं?

पालकसभेत 'मोबाईल देऊच नका' ऐकून कान किटले. गृहपाठच व्हॉट्सॲपवर येतो, मग देऊ नको म्हणजे नेमकं काय करू? म्हणून हा धागा. सल्ले नकोत, घडलेलं लिहा. मुलांची नावं आणि शाळा मात्र लिहू नका.

घाटमाथा:
लेक आठवीत. इन्स्टाग्रामवर जन्मसाल टाकलेलं १९९८. म्हणजे बाईसाहेब धाकट्या मावशीच्या वयाच्या! गंमत वाटते, पण भारतात २०२५ पासून अल्पवयीनांची अकाउंटं आपोआप प्रायव्हेट होतात, अनोळखी माणसाला त्यांना मेसेज करता येत नाही आणि सोळाच्या आतल्यांना हे सैल करायचं तर पालकांची परवानगी लागते. वय खोटं टाकलं की यातलं काहीच मिळत नाही. खऱ्या सालाने नवीन अकाउंट काढ म्हटल्यावर "बाबा, माझे फॉलोअर्स!" आणि अबोला. शेवटी जुनी यादी घेऊन दोघं बसलो. "हा कोण?" "माहीत नाही." "ही?" "क्लासमधल्या मुलीच्या बहिणीची मैत्रीण... बहुतेक." यादी निम्म्यावर आली. कात्री तिनेच चालवली.

कोकमसरबत:
जरा लांबलचक लिहितेय, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल.
भाचा दहावीत. गेमच्या चॅटमध्ये एका 'मुली'शी ओळख, तिथून इन्स्टा, मग व्हिडिओ कॉल. कॉल रेकॉर्ड झाला आणि पाठोपाठ धमकी: पैसे टाक, नाहीतर तुझ्या सगळ्या मित्रांना क्लिप पाठवते. पोराने ताईच्या फोनवरून यूपीआयने पैसे पाठवले. लगेच आणखी मागणी. हे असंच चालतं, एकदा दिले की थांबत नाही.
रात्री त्याने आईवडिलांना उठवलं नाही, माझ्या मुलाला फोन केला. मुलाने मला सांगितलं. भाचा चॅट डिलीट करायच्या बेतात होता, ते आधी थांबवलं, कारण तोच पुरावा. स्क्रीनशॉट, अकाउंटची लिंक, व्यवहाराचा नंबर एका ठिकाणी ठेवला, मग ब्लॉक केलं. पैसे गेले होते म्हणून सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. शिवाय 'टेक इट डाऊन' म्हणून अठराच्या आतल्यांसाठी मोफत सेवा आहे. तिथे क्लिप द्यावी लागत नाही, फोनमध्येच तिचा डिजिटल ठसा तयार होतो आणि तेवढाच जातो. त्यावरून इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या सहभागी कंपन्या ती ओळखून काढतात. धमकीसोबत आलेली क्लिप त्याच्या फोनमध्ये होती म्हणून हे जमलं.
भावजी तापले, "फोन काढून घे त्याचा." ताई म्हणाली, "अहो, काढून घेतला तर पुढच्या वेळी आपल्याला कळेल तरी का?" फोन त्याच्याकडेच आहे. पैसे अजून परत आलेले नाहीत.

खडूफळा:
माझ्या सातवीच्या वर्गात एका मुलाच्या जांभईचं स्टिकर झालं. बघता बघता दुसऱ्या तुकडीत पोचलं आणि तो शाळेत येईना. बनवणारा त्याच्याच बाकावरचा दोस्त! स्टिकर लोकांनी सेव्ह केलं की ग्रुपवरून उडवून काही होत नाही. मी प्रकरण वर नेलं नाही. त्यालाच म्हटलं, ज्याला ज्याला पाठवलंस त्याच्याकडून समोर उभं राहून डिलीट करून घे. मधल्या सुट्टीत डबा हातात घेऊन फिरत होता बिचारा. सगळीकडून गेलं असेल असं मुळीच म्हणणार नाही, पण त्या वर्गात नवीन स्टिकर निघालं नाही.

मेलबर्नकर:
आमच्याकडे ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅटवर अकाउंट ठेवता येत नाही. दंड कंपनीला, मुलाला किंवा पालकाला नाही. चिरंजीवांचं स्नॅपचॅट गेलं आणि अख्खी गँग व्हॉट्सॲपवर आली, ते बंदीत नाही. कायद्याने माझं रोजचं भांडण वाचवलं, एवढं खरं.

कृष्णाकाठ:
आमच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगावला २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. मोठ्यांचेही! आमच्या सोसायटीत हा विषय काढला तर पहिला विरोध मालिका बघणाऱ्यांचा.

अकरावी_सायन्स:
सगळे आईबाबाच लिहितायत म्हणून मी. आमच्यात बहुतेकांची दोन अकाउंटं असतात, एक नातेवाइकांसाठी, एक खरं. माझं खरं अकाउंट आईला माहीत आहे, कारण पहिल्यांदा एका काकांच्या वयाच्या माणसाचा घाण मेसेज आला तेव्हा तिने ओरडण्याऐवजी रिपोर्ट कुठून करायचं ते माझ्याकडूनच शिकून घेतलं. तेव्हापासून ती मला फॉलो करते. अट एकच घातली आहे, माझ्या मित्रांच्या फोटोंवर 'खूप छान बाळा' लिहायचं नाही. गेल्या आठवड्यात पुन्हा लिहिलंय.